प्रार्थनेची साखळी

माई येरने ती छोटी बाटली फ्रिजच्या दारात, मोहरीच्या सॉसशेजारी ठेवली आणि पुढच्या खोलीतून व्हर्लिन लुंडीन ओरडला, "ती जे काही ठेवतेय ना, ते माझ्या घरातून बाहेर काढा!"

"बघितलंस?" त्याची बायको आर्डिस म्हणाली. "'कचरा टाकून ये' हे याला उभ्या जन्मात कधी ऐकू आलं नाही. फ्रिजचं दार मात्र बरोबर ऐकू येतं."

माई येरला हसू आलं. बरं होण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसांच्या घरी जायचं आणि त्यांचं शेवटचं दुखणं जमेल तेवढं हलकं करायचं, ही तिची नोकरी. हॉस्पिसची नर्स ती, नवऱ्यांची असली ओरड तिला नवीन नव्हती. बाटलीत मॉर्फिन होतं. सुई नसलेल्या सिरिंजने थोडंसं गालाच्या आत सोडायचं आणि गिळायला सांगायचं.

"दुखायला लागलं की वाट बघत बसू नका," ती म्हणाली. "शूरपणाला इथे बक्षीस नाही, मिसेस लुंडीन."

"ते त्याला सांग."

व्हर्लिनला सांगण्यात काही अर्थ नव्हता. एकेकाळी तो दुधाचा टँकर चालवायचा आणि ब्रँडी प्यायचा, आणि या दोन गोष्टींच्या मध्ये फारसं अंतर ठेवायचा नाही. मुलगा डेरिक पहिलीत असताना दारू सोडून तो जो कोरडा झाला तो झालाच. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हे सोपं नाही. इथे बाप्तिस्म्याला बिअर असते आणि मयतालाही. पण तो टिकला. मग पोराची पाळी आली. डेरिक छपरं घालायचं काम करायचा, एकदा वरून पडला. पाठीसाठी डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी त्याला गिळलं. आर्डिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या डबीतल्या वेदनेच्या गोळ्या जाऊन तिथे ॲस्पिरिन आलं होतं, आणि ती महिनाभर रडत, कण्हत 'मला लागू पडत नाहीये' म्हणत राहिली होती. दोन वेळा तो उपचार घेऊन आला आणि घसरला. तिसऱ्या वेळी सुटला. बापाच्या घरी राहायला आला, लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि बापलेकांनी मिळून पॉडकास्ट सुरू केला. नाव 'कोरडे लुंडीन'.

स्वयंपाकघरातलं टेबल, दोन माईक, मध्ये कॉफीचं भांडं. दारू सुटल्यावर झोप कशी लागते, देवाचा राग आलेला असताना प्रार्थना कशी करायची, गुडघ्यांना काय चोळावं, ओटमीलमध्ये मनुका घालाव्यात की नाही, असल्या गप्पा. ओहायोतल्या एका तुरुंगात कैदी एकत्र बसून ऐकायचे. अलास्काहून कुणा बाईने मोजे विणून पाठवले. आर्डिस माईकवर कधी आली नाही. ती कपबश्या विसळायची आणि ऐकणाऱ्यांना तिचा तेवढा आवाज माहीत होता.

व्हर्लिनचा कर्करोग हाडांत उतरला तेव्हा सोफ्याच्या जागी लोखंडी कॉट आली आणि कार्यक्रम पुढच्या खोलीत गेला. डेरिकने माईक कॉटच्या कठड्याला पकडीने बसवला. आता गप्पा मरणाच्या होत्या. ऐकणारे वाढले. माणसं मरायला भितात, पण दुसरा कसा मरतो ते ऐकायला त्यांना आवडतं, त्यात काही नवल नाही.

"येशूसमोर उभं राहायचंय," व्हर्लिन एका भागात म्हणाला होता. "डोळे तारवटलेले घेऊन नाही जायचं मला. डोकं ताळ्यावर असताना जाईन."

ते वाक्य लोकांनी उचललं. कुणी कपड्यावर भरतकाम करून पाठवलं. आर्डिसने ते कपाटात खाली ठेवलं.

बाटली आली त्याच संध्याकाळी डेरिक शेतीच्या सामानाच्या दुकानातून कुलूप लागणारी लोखंडी पेटी घेऊन आला. बाटली तिच्यात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या हातावर ठेवली.

"कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

"आणि पिठाच्या डब्यात तर ठेवूच नकोस. तो डबा मला पाठ आहे."

दोघं हसली. असं काही हसण्यासारखं होईल असं आर्डिसला पूर्वी वाटलं नसतं. तिने किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली, क्रॉसच्या शेजारी.

पण व्हर्लिन घेईना. कूस बदलताना तो आधी दात खायचा, मग ओरडायला लागला, आणि मग एकदा चादर बदलताना असा ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. डेरिकने त्याला धरलं होतं. तो तसाच बापाच्या कॉटशेजारी जमिनीवर बसला आणि हुंदके द्यायला लागला. मग उठून त्याने माईक चालू केला.

"डॅड, आज मी विचारणार आणि तू उत्तर देणार."

"आज मला सुट्टी नाही का?"

"नाही. तू ते औषध का घेत नाहीस?"

"सांगितलंय. सगळ्या अमेरिकेला सांगितलंय."

"ते येशूचं झालं. दुसरं कारण सांग."

आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"मी सांगतो," डेरिक म्हणाला. "बाटली उघडली की घरात ती बाटली असणार आणि घरात मी असणार. म्हणून तू बोंबलत पडलायस. माझ्यासाठी."

"पोरा, माझं वय झालं. मला थोडं दुखलं तर काय बिघडतं? तुझं सगळं आयुष्य पडलंय."

"थोडं? कुत्रं घाबरलं, डॅड!"

"ते कुत्रं पहिल्यापासून भित्रंच आहे."

"हसवू नकोस मला." डेरिकचा आवाज फाटला. "ऐका सगळ्यांनी. माझं नाव डेरिक. माझ्या बापाला मॉर्फिनची गरज आहे. ते या घरात आहे. किल्ली माझ्या आईकडे आहे आणि मी त्याला हात लावणार नाही. आणि डॅड, तू घेतलं नाहीस तर त्याचा अर्थ मी एवढाच घेईन की तुझा माझ्यावर विश्वास नाही."

माईकचा लाल दिवा तेवढा जळत होता.

"बरं," व्हर्लिन म्हणाला. "घेतो."

आर्डिस आत जाऊन सिंकशी उभी राहिली आणि रडली. कित्येक वर्षांनी ती सुखाने रडत होती. तो भाग लोकांनी इतका ऐकला, इतका एकमेकांना पाठवला की वखारीचा मालक स्वतः चालत घरी आला आणि डेरिकशी हात मिळवून गेला.

त्या दिवसापासून आर्डिस पेटी उघडायची, सिरिंज भरायची, व्हर्लिनच्या गालात सोडायची. तो डोळे मिटून घ्यायचा. "ओला रुमाल दे," म्हणायचा, "तोंड कडू झालंय." ती द्यायची आणि सिरिंज धुवायला आत जायची.

आणि दुखणं तसूभरही कमी होईना.

माई येरने मात्रा वाढवली. पुन्हा वाढवली. व्हर्लिन कण्हतच होता, रात्रंदिवस टक्क जागा होता. माई येरने नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि आर्डिसला मागच्या ओसरीवर घेऊन गेली.

"मिसेस लुंडीन, एवढ्या मॉर्फिनवर माणूस झोपायला हवा. यांच्या डोळ्यांकडे बघून वाटतं, यांना मिळतच नाहीये."

"मी स्वतः देते."

"तुम्ही देता, हो. पण जे देता ते..." ती थांबली. "मला हे विचारावं लागतं, सगळ्याच घरांत विचारावं लागतं. बाटलीत पाणी तर नाही ना घातलं कुणी? मी उद्या नवीन आणते. मी काही म्हणत नाहीये हं."

तिला काही म्हणायची गरजच नव्हती. आर्डिस म्हणजे दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकसुद्धा फुंकून पिणार. आर्डिसच्या डोळ्यांसमोर तिची ती जुनी डबी आली, आणि तिच्यातलं ॲस्पिरिन. मग आठवलं की रविवारी डोकं धुताना किल्लीची दोरी तिने न्हाणीघरात खुंटीला अडकवली होती. डेरिक तेव्हा घरातच होता. एवढं पुरलं. पुढचं सगळं तिच्या मनानेच रचलं.

तो दुपारी आला तेव्हा ती टेबलाशी उभी होती. बाटली समोर.

"बस," ती म्हणाली.

त्याने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बसला नाही.

"मॉम, नाही."

"मी अजून काही विचारलंही नाही."

"तुझा चेहरा ओळखतो मी. तो चेहरा मीच तयार केलाय." तो शांत होता, आणि त्या शांतपणाचाच तिला राग आला. "मी हात लावलेला नाही. तपासणी कर माझी. आत्ता चल दवाखान्यात, कपात लघवी करून देतो."

"तुझ्या कपांचं मला सांगू नकोस. दुसऱ्याची लघवी बाटलीत भरून नेणारा तू."

"तेव्हा नेली होती."

"बाप तिथे तडफडतोय, डेरिक! तुझ्यावर विश्वास टाकला त्याने. सगळ्या जगासमोर टाकला. आणि तू त्याच्या तोंडातलं काढून..."

डेरिक पुढच्या खोलीत गेला. ती मागोमाग गेली. त्याने कॉटचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"डॅड, तू सांग हिला. तू ओळखतोस मला. नशेतला माणूस तुला न बघता कळतो, तूच म्हणतोस. मी घेतलंय का? सांग."

व्हर्लिनचे डोळे मिटलेले होते. श्वास चालू होता. पापण्या थरथरत होत्या.

"डॅड."

तो बोलला नाही.

डेरिक तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने जाकीट उचललं. आर्डिस दारात होती. "घराची किल्ली ठेवून जा," ती म्हणाली. या वाक्याबद्दल ती पुढे जन्मभर स्वतःला कोसणार होती, पण त्या क्षणी तिला ते अगदी बरोबर वाटलं. उपचार केंद्रातल्या बायकांनी आयांना हेच शिकवलं होतं, की लाड करू नका, दार बंद करा. त्याने किल्ली ठेवली. पिकअप चालू झाली आणि चिखलातून रस्त्याला लागली.

मग तिने फोन केला तो लॉरेनला.

आमच्या ल्युथरन चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी असते. कुणाचं ऑपरेशन असलं, कुणाचं पोर अडचणीत असलं की एकीने दुसरीला कळवायचं, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांनी जिथे असतील तिथे प्रार्थना करायची. पूर्वी फोन फिरवायला अख्खी सकाळ जायची. आता मेसेज जातो, बटाटे उकडायच्या आत सगळीकडे होतं. ही साखळी चांगल्या बायकांनी धरलेली आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण तीच गोष्ट चुगली म्हणून सांगितली तर पाप आणि प्रार्थनेसाठी सांगितली तर पुण्य, ही सोय मला कधी पटली नाही.

आर्डिसच्या मनात मात्र काडीचं कपट नव्हतं. पोर रस्त्यावर आहे, नशेत आहे, देवाने त्याच्यावर नजर ठेवावी, एवढंच तिला हवं होतं. साखळी लॉरेनच्या हातात होती.

"लॉरेन, डेरिकसाठी प्रार्थना करा गं," ती म्हणाली. "तो पुन्हा घसरलाय. व्हर्लिनचं औषध घेतलं त्याने."

"अगं बाई! आर्डिस! आत्ता पाठवते, आत्ता."

नवीन बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. माई येरने स्वतःच्या हाताने सील तोडलं. आर्डिसने सिरिंज भरली, व्हर्लिनच्या गालात सोडली, ओला रुमाल दिला, आत गेली. सिंकपाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की बाटलीचं झाकण कॉटवरच राहिलं. ती परतली.

व्हर्लिन रुमालात थुंकत होता. सावकाश, नीट, जिभेने गाल पुसून काढत थुंकत होता. मग त्याने रुमालाची घडी केली आणि वर पाहिलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर माई येरच्या गाडीचं इंजिन चालू झालं आणि दूर गेलं.

"किती दिवस?" आर्डिसने विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे बाटलीत..."

"बाटली चांगली होती."

तिने कठडा धरला.

"मी हो म्हटलं ना त्याला," व्हर्लिन म्हणाला. दर दोन शब्दांनी तो दम घेत होता. "त्याला वाटायला हवं होतं, बापाचा विश्वास आहे. तो आहेच. पण मला गिळवेना, आर्डिस. मी काय घेऊन जाऊ तिथे? शाळा नाही, पैसा नाही, दारू पिऊन तुझे हाल केले ते आहेत. एक कोरडेपणा तेवढा आहे दाखवायला. तोही शेवटच्या आठवड्यात घालवू? भीती वाटते गं मला."

"तो विचारत होता तेव्हा तू जागा होतास."

"हो."

"व्हर्लिन, तू जागा होतास!"

"हो. म्हटलं, आत्ता बोललो तर सगळंच... म्हटलं, येईल परत, तेव्हा सांगेन. नीट सांगेन, कार्यक्रमात." तो रडायला लागला आणि रडल्याने हाडं दुखायला लागली, म्हणून ओरडायला लागला.

देवाच्या माणसांचं हे मला कधी कळलेलं नाही. जगाला खरं बोलायला शिकवतील, आणि घरात एक शब्द बोलायची वेळ आली की डोळे मिटून घेतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरी झालीच नव्हती.

आर्डिसने डेरिकला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. मग तिला साखळी आठवली. तिने लॉरेनला लावला.

"लॉरेन, चूक झाली. डेरिकने काही घेतलेलं नाही. व्हर्लिनच थुंकून टाकत होता. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळव. तो घसरलेला नाही."

पलीकडे लॉरेनने सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यात माया होती, आणि तोच सगळ्यात वाईट भाग होता.

"आर्डिस, माझे बाई. तुझं काळीज कळतं मला. माझ्या भावाच्या वेळी माझी आई असंच म्हणायची, 'तो नाही घेत, तो नाही घेत.'"

"अगं, मी डोळ्यांनी पाहिलं!"

"हो गं, हो. आम्ही तुझ्यासाठीही प्रार्थना करतोय. तू काही खाल्लंस का? मी काहीतरी भाजून आणते."

आर्डिसने फोन ठेवला. मग तिने वखारीत लावला, तिथे म्हणाले, आज आला नाही, आम्हीही त्याच्यासाठी प्रार्थना करतोय. तिने पुन्हा डेरिकला लावला.

दुपार व्हायच्या आत रॉली आला. चर्चच्या तळघरात व्यसन सुटलेल्यांची बैठक भरते, ती चालवणारा हा रॉली. वयाने मोठा, थोराड, बोलायला सावकाश. डेरिकचा हात धरून त्याला यातून काढला तो यानेच. तो दारात टोपी काढून उभा राहिला आणि आत येईना. त्याच्या मागे शेरीफची गाडी होती. ती पाहिल्यावर आर्डिसला विचारायचं काही उरलं नाही, पण तरी ती म्हणाली, "कुठे?"

"तळ्यावर. होड्या उतरवायच्या जागी. पिकअपमध्येच होता. गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी ओढून आणायला माणसं गेली, त्यांनी पाहिला." रॉलीने टोपी फिरवली. "खूप घेतलं होतं म्हणे. आर्डिस, तुला एक सांगायला हवं. तो काल माझ्याकडे आला होता."

"तुझ्याकडे?"

"बैठकीला. सरळ तिथेच आला असणार. तुमचा मेसेज त्याच्याआधी पोचला होता. तो दारातून आत आला तसे सगळे उठले. टाळ्या वाजवल्या. म्हणजे परत आल्याबद्दल, तू जाणतेस, आमच्यात तसं करतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला देतात ते पहिल्या दिवसाचं पांढरं नाणं मी त्याच्या हातात ठेवलं. तो म्हणाला, 'रॉली, मी घसरलेलो नाही.'"

"मग?"

रॉलीचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "मी म्हटलं, 'बाळा, मीही असंच म्हणायचो.' सगळे हसले. चांगल्या मनानेच हसले गं. त्याने नाणं खिशात टाकलं आणि थोडा वेळ बसला. मग उठून गेला."

आर्डिसने त्याला सगळं सांगितलं, रुमाल, थुंकणं, नवीन बाटली. रॉलीने ऐकलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला. आता काय बोलणार? पोर नशेत मेलं होतं. काल जे खोटं होतं ते आज सकाळी खरं होऊन पिकअपमध्ये पडलं होतं, आणि कालचं कोण विचारतो?

"कोण होतं?" आतून व्हर्लिनने विचारलं.

तिने सांगितलं. जवळ जाऊन, तोंडावर सांगितलं. काही लपवलं नाही, पांढऱ्या नाण्यासकट सांगितलं. त्याने ते ऐकावं असं तिला वाटत होतं.

व्हर्लिनच्या तोंडून जो आवाज निघाला तो हाडांचा नव्हता. पण त्या हुंदक्याने हाडं हलली आणि मग हाडांचाही निघाला.

"माईक लाव," तो म्हणाला. "सांगतो मी. सगळ्यांना सांगतो."

आर्डिसला जगात तेव्हा एवढंच हवं होतं. तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, ती आई होती. पण व्हर्लिन लुंडीन मरता मरता म्हणाला असता की पोर निर्दोष होतं, तर ओहायोच्या तुरुंगापासून लॉरेनपर्यंत सगळ्यांनी मान खाली घातली असती. तिला माईकची बटणं कळत नव्हती. एक दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं आणि लाल दिवा लागला.

"मी व्हर्लिन," तो म्हणाला. "माझ्या मुलाने..."

पुढे किंकाळी आली. कमरेपासून वर चढली, त्याची मान मागे गेली.

"बोल," आर्डिस म्हणाली.

"डेरिकने... मी..."

पुन्हा किंकाळी. त्याचा हात कठड्यावर आपटत होता. "दे," तो म्हणाला. "दे गं. घेतो. गिळतो. दे."

पेटी उघडीच होती. बाटली तिच्या हातात होती. तिला माहीत होतं की इतके दिवस न झोपलेला माणूस हे प्याल्यावर बोलणार नाही. आज तर नाहीच, आणि उद्याचं माई येरनेही कबूल केलं नसतं.

"आधी बोल," ती म्हणाली. "एक वाक्य. 'डेरिकने घेतलं नव्हतं.' एवढंच म्हण, मग देते."

त्याने प्रयत्न केला. तो खोटा नव्हता हे तिलाही दिसत होतं. ओठ हलले, 'डे' एवढं आलं, आणि दातांत जीभ सापडून रक्त आलं. तो तिच्याकडे बघत होता. त्या डोळ्यांत येशू नव्हता की ऐकणारे लोक नव्हते, नुसतं दुखणं होतं.

"बोल रे," ती रडत म्हणाली. "बोल. त्याच्यासाठी बोल."

मग तिला आणखी बघवेना. तिने माईक बंद केला. सिरिंज भरली, गालात सोडली आणि या वेळी रुमाल दिला नाही. व्हर्लिनने गिळलं. तिने पुन्हा भरली, माई येरने सांगितली होती तेवढीच. त्याने तीही गिळली. हळूहळू त्याचे हात सैल पडले, कपाळ सपाट झालं आणि तो झोपला. तो झोपेतच दोन दिवस राहिला आणि झोपेतच गेला. माईकमध्ये जे भरलं गेलं त्यात त्याच्या किंकाळ्या होत्या आणि 'आधी बोल' म्हणणारी ती होती. तिने ते पुसायला वखारीतल्या एका मुलीला सांगितलं आणि पुसून होईपर्यंत ती खोलीबाहेर उभी राहिली.

माई येरने तिच्यावर विश्वास ठेवला. पण माई येर आमच्या चर्चची नाही.

दोघांचं दफन एकाच दिवशी केलं. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, कॉफी. बायकांनी टेबलं छान लावली होती. 'डोकं ताळ्यावर असताना जाईन' ते भरतकाम कुणीतरी चौकटीत घालून मध्ये ठेवलं होतं, आर्डिसला कुणी विचारलं नव्हतं.

"काय साक्ष दिली व्हर्लिनने," लॉरेन तिला मिठी मारून म्हणाली. "शेवटपर्यंत कोरडा. आणि डेरिकही आता सुटला गं. आता त्याला कसलीच ओढ नाही."

"उलट आहे, लॉरेन," आर्डिस म्हणाली. "व्हर्लिनने घेतलं. मी पाजलं. डेरिकने नव्हतं घेतलं. मी दाराबाहेर घालेपर्यंत नव्हतं."

लॉरेनने मिठी आणखी घट्ट केली. आर्डिसने तेच वखारीच्या मालकाला सांगितलं. त्याने डोळे पुसले. तिने ते पाळकांना सांगितलं, व्हर्लिनच्या बहिणीला सांगितलं, कॉफी ओतणाऱ्या बाईला सांगितलं. प्रत्येकाने तिचा हात दाबला, कुणीतरी खुर्ची आणून दिली.

रॉली शेवटी आला. त्याच्या हातात कागदाची ताटली होती आणि तिच्यातलं त्याने काही खाल्लं नव्हतं.

"तुझ्याकडे आला तेव्हा तो कोरडा होता, रॉली," ती म्हणाली. "तू नाणं दिलंस तेव्हा त्याने काही घेतलेलं नव्हतं."

रॉलीने ताटली खाली ठेवली आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"हो, आर्डिस," तो म्हणाला. "माहीत आहे मला."

अगदी मायेने म्हणाला. डेरिकलाही तो असाच म्हणाला असणार.